शारीरिक शिक्षण शिक्षक व्हायचंय? शिट्टीआधी फक्की हातात घ्या

मी विद्यापीठाच्या खो-खो संघातून दोन वर्षं खेळले आणि त्याच तोऱ्यात बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकपदवीला, गेले. शिकवायचं म्हणजे आपण करून दाखवायचं आणि मुलांनी बघून करायचं, एवढीच माझी कल्पना. पहिला सराव पाठ सातवीच्या वर्गावर होता, घटक 'खो देणे'. मी पळाले, खो दिला, वळले, पुन्हा दिला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पाठ संपल्यावर निरीक्षक सरांनी वहीतली एक ओळ दाखवली. रांगेच्या शेवटची एक मुलगी हेरून त्यांनी तिच्यावर घड्याळ लावलं होतं. पस्तीस मिनिटांच्या तासात ती चार मिनिटं हलली होती. उरलेली एकतीस मिनिटं ती मला बघत उभी होती. "खेळाडू छान आहेस," सर म्हणाले, "शिक्षिका अजून आलेली नाही."

दर वर्षी निकाल लागले की फोन येतात. "मॅडम, मी राज्यस्तरावर खेळलोय, बी.पी.एड. करू का?" किंवा "मी फार खेळलेली नाही, पण मला आवडतं, जमेल का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी जास्त आनंदाने देते. प्रवेशापासून नोकरीपर्यंत जे त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगते, ते इथे एकत्र लिहिते आहे. महाराष्ट्रापुरतं, कारण मला ठाऊक असलेली वाट तीच.

पहिली पायरी: कोणत्या दाराने आत जायचं

माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचं तर रूढ वाट अशी: कोणतीही पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. पूर्वी हे एकाच वर्षाचं होतं. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनी ते चार सत्रांचं झालं. त्यामुळे शाळेतले जुने सर "आम्ही तर वर्षात उरकलं" म्हणाले तर ते खोटं बोलत नाहीत, पण त्यांच्या अनुभवावर तुमचं वेळापत्रक बेतू नका. बारावीनंतर दोन वर्षांची डी.पी.एड. ही पदविका आहे, ती प्राथमिक स्तरासाठी. बी.पी.एड.नंतर दोन वर्षांचं एम.पी.एड.

बारावीनंतर थेट याच क्षेत्रात शिरायचं असेल तर तीन वर्षांचं बी.पी.ई.एस. (शारीरिक शिक्षण आणि क्रीडा यांतली पदवी) आहे, पण त्यानंतरही शाळेसाठी बी.पी.एड. करावं लागतंच. बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षणाची शाखा आणण्याचा मसुदा एनसीटीईने २०२५ मध्ये मांडला. तो तुमच्या जवळच्या महाविद्यालयात सुरू झालाय का, हे प्रवेशाच्या वर्षी विचारा.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर पदवी अशा विषयात घ्या जो शाळेत शिकवला जातो: मराठी, इतिहास, गणित, काहीही. लहान शाळांत खेळाच्या सरांच्या वेळापत्रकात दुसऱ्या विषयाचे तास असतातच. तो विषय तुम्हाला खरंच येत असेल तर शिक्षकखोलीत तुमच्याकडे बघण्याची नजरही बदलते. हे बरोबर आहे असं नाही, पण असं आहे.

एक घोळ इथेच मिटवू. पटियाळ्याची राष्ट्रीय क्रीडा संस्था, जिला सगळे 'एनआयएस' म्हणतात, १९६१ पासून प्रशिक्षक घडवते. तिथली पदविका एका खेळातली असते. प्रशिक्षकाकडे येणारा मुलगा स्वतःहून, बूट घालून, खेळायला आलेला असतो. शाळेतल्या शिक्षकाकडे येणाऱ्या साठ जणांपैकी वीस जणांना तो तास कधी संपतोय असं झालेलं असतं. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि शाळेच्या नोकरीला बी.पी.एड.च्या जागी एनआयएस चालत नाही. दोन्ही केलंत तर उत्तम.

दुसरी पायरी: कागद

एनसीटीईच्या नियमांत पात्रतेच्या बऱ्याच वाटा आहेत. सर्वांत जास्त मुलं ज्या वाटेने येतात ती अशी: कोणत्याही शाखेची पदवी ५० टक्के गुणांनी, आणि सोबत आंतरमहाविद्यालयीन, विभागीय, जिल्हा किंवा शालेय स्पर्धेतला निदान सहभाग. स्पर्धा मान्यताप्राप्त हवी, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघ, भारतीय ऑलिंपिक संघटना, शालेय क्रीडा महासंघ किंवा भारत सरकार यांनी मान्य केलेली. राज्य, राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळला असाल, किंवा आंतरमहाविद्यालयीन, जिल्हा वा शालेय स्पर्धेत पहिल्या तिघांत आला असाल, तर ४५ टक्के पुरतात. पदवीला शारीरिक शिक्षण हा विषय घेतला असेल तरी ४५. राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत असते.

म्हणजे "फार खेळलेली नाही" म्हणणाऱ्या मुलीलाही दार उघडं आहे, पण एका प्रमाणपत्राची गरज आहेच. तुम्ही अजून पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर आत्ताच महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना भेटा आणि क्रॉसकंट्री किंवा कबड्डी, जे जमेल त्या संघात नाव द्या. प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, वर्ष, स्पर्धेची पातळी, सही, शिक्का. माझ्या एका प्रमाणपत्रावर सगळं होतं, फक्त सचिवांची सही नव्हती. त्या एका सहीसाठी मी कागदपत्र पडताळणीच्या आदल्या रात्री एसटीने दीडशे किलोमीटर गेले, आणि सचिवसाहेब लग्नाला गेलेले निघाले.

बाकी कागद नेहमीचेच: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि वैधता, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्न. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेगळा भरायचा असतो, प्रवेश मिळाला म्हणजे तो आपोआप होत नाही.

तिसरी पायरी: सीईटी आणि मैदानी चाचणी

प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या बी.पी.एड. सीईटीतून होतो. संगणकावरची परीक्षा आणि मैदानी चाचणी असे तिचे दोन भाग. त्यानंतर कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या. घटक आणि गुण त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतून घ्या, मागच्या वर्षी बसलेल्या मित्राच्या आठवणीतून नको.

गंमत म्हणजे खेळाडू मुलं पहिल्या भागात गडबडतात आणि अभ्यासू मुलं दुसऱ्यात. खेळाडूंनी रोज एक तास टेबलावर बसण्याची सवय करावी: खेळांची मापं, नियम, पुरस्कार, सामान्य ज्ञान, शिक्षक अभियोग्यतेचे प्रश्न. मैदानासाठी निदान तीन महिने हवेत. तुम्ही कुठे उभे आहात हे कळण्यासाठी खेलो इंडियाच्या शालेय क्षमता चाचण्या स्वतःवर करून बघा. ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणे, ३० सेकंदांतले कर्ल-अप्स (पाठीवर झोपून अर्धं उठणं) आणि पुश-अप्स. साहित्य जवळजवळ लागत नाही, आणि पुढे शिक्षक झाल्यावर याच चाचण्या मुलांच्या घ्यायच्या आहेत.

दोन-तीन वर्षं खेळ सुटलेल्यांनी पहिल्या आठवड्यात डांबरी रस्त्यावर पळू नये. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं आणि मग चाचणीच्या दिवशी लंगडत जावं लागतं. मातीवर पळा, एक दिवसाआड, आणि अंतर सावकाश वाढवा.

चौथी पायरी: महाविद्यालय बघून निवडा

आपल्याकडे या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मधलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली ती १९३८ मध्ये. पुण्याच्या महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय १९७७ चं. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था आहे, १९५७ मध्ये सुरू झालेली.

पण नावावर जाऊ नका. सकाळी साडेसहाला, न सांगता, महाविद्यालयाच्या मैदानावर जा. मुलं-मुली मैदानावर दिसली का? ट्रॅकवर गवत गुडघ्यापर्यंत आहे का? मल्लखांबाला तेल लागलेलं आहे की त्यावर टॉवेल वाळताहेत? हे एवढं बघितलं की माहितीपत्रक वाचायची गरज उरत नाही. मी प्रवेशासाठी फिरत असताना एका ठिकाणी (नाव सोडा) कारकुनाने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "हजेरीचं आपण बघू ना, तुम्ही फी भरा." मी चहा पिऊन उठले. अशी पदवी मिळते, नाही असं नाही. पण पहिल्या नोकरीत पंचेचाळीस मुलं समोर उभी राहिली की तिचा काही उपयोग होत नाही. एनसीटीईची मान्यता आहे की नाही हे मात्र त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

पाचवी पायरी: खरेदी आणि पहिला महिना

गणवेश, ट्रॅकसूट महाविद्यालय सांगेल तसा. बुटांचे दोन जोड घ्या, पावसात एक वाळत नाही. शिट्टी बिनदाण्याची घ्या. फॉक्स ४० सारखी शिट्टी महाग वाटते, पण दाण्याच्या शिट्टीत थुंकी गेली की ऐन वेळी ती नुसतीच फुरफुरते. मुलींसाठी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नाही: चांगली स्पोर्ट्‌स ब्रा ही ट्रॅकसूटच्या आधीची खरेदी आहे. आणि पाळीच्या दिवसांत काय जमतं, काय नाही, हे मॅडमना सरळ सांगायचं. लाजून पोटात दुखतंय, पाय मुरगळलाय अशी कारणं शोधत बसायचं नाही. पुढे आपल्याच विद्यार्थिनी आपल्याला हेच सांगणार आहेत.

पहिला महिना अंग दुखतं. सकाळी मैदान, मग व्याख्यानं, दुपारी पुन्हा मैदान. दुपारच्या शरीररचनेच्या तासाला अर्धा वर्ग डुलक्या घेतो, हे सगळ्या महाविद्यालयांत सारखंच.

तासांत काय असतं? इतिहास आणि तत्त्वं, शरीररचना व शरीरक्रिया, आरोग्य शिक्षण, योग, अध्यापन पद्धती, संघटन व प्रशासन, क्रीडा प्रशिक्षण, क्रीडा मानसशास्त्र, मापन व मूल्यमापन, गतिशास्त्र आणि जीवयांत्रिकी, थोडं संशोधन व संख्याशास्त्र. मैदानावर ॲथलेटिक्स, जिम्नॅस्टिक्स, कबड्डी, खो-खो, मल्लखांब, लेझीम, डंबेल्स, संचलन, योगासनं. हाडं २०६ आहेत हे पाठ करून काही होत नाही. आपल्याच अंगावर बोट ठेवून नाव म्हणायचं. मी बसमध्ये उभी राहून स्वतःचं कोपर चाचपत 'ह्यूमरस, रेडियस, अल्ना' पुटपुटायचे. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "पडलीस का गं?"

सहावी पायरी: फक्की

आता येतो तो भाग, ज्यात खेळाडू आणि शिक्षक वेगळे होतात. खेळाडूला मैदान आखलेलं मिळतं. शिक्षकाला ते आखायचं असतं, दोरी, खुंट्या, मोजपट्टी आणि फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड, घेऊन, बहुतेक वेळा उद्याच्या स्पर्धेसाठी आज संध्याकाळी.

सगळ्याचा पाया काटकोन. एका रेषेवर तीन मीटरवर खूण करा. कोपऱ्यापासून दुसऱ्या दिशेला अंदाजे उभ्या रेषेवर चार मीटर मोजा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच मीटर आलं की कोन काटकोन झाला. मैदान मोठं असेल तर सहा, आठ, दहा घ्या, चूक कमी होते. चारही कोपरे झाले की कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर कुठेतरी दोरी सैल आहे. पुरुष कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, कर्ण १६.४० मीटर. महिला गटाचं १२ बाय ८, कर्ण १४.४२. व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, कर्ण २०.१२. खो-खोचं २७ बाय १६, कर्ण ३१.३८. हे आकडे मोजपट्टीच्या डब्यावर आतून लिहून ठेवा. मी अजून ठेवते.

ट्रॅक आखायला मुलं घाबरतात, कारण त्यात पाय येतो. तो π. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकची सरळ बाजू ८४.३९ मीटर असते आणि आतल्या कठड्याची त्रिज्या ३६.५० मीटर. पहिल्या लेनमधला धावपटू कठड्यापासून ३० सेंटिमीटर अंतरावरून पळतो असं धरतात, म्हणून मोजणीची त्रिज्या ३६.८०. दोन अर्धवर्तुळं मिळून २३१.२२ मीटर, दोन सरळ बाजू १६८.७८, बेरीज चारशे.

तुमच्या शाळेत चारशेचा ट्रॅक मावणार नाही. दोनशेचा कदाचित मावेल. धावण्याच्या रेषेची त्रिज्या १८ मीटर धरा. वळणांचे ११३.१० मीटर होतात. दोनशेतून ते वजा केले की ८६.९० उरतात, म्हणजे एक सरळ बाजू ४३.४५ मीटर. फक्कीच्या ट्रॅकला उंच कठडा नसतो, म्हणून धावण्याची रेषा आतल्या पांढऱ्या रेषेपासून ३० नव्हे, २० सेंटिमीटरवर धरतात. म्हणजे फक्कीची आतली त्रिज्या १७.८० मीटर. १.२२ मीटर रुंदीच्या चार लेन करायच्या तर सगळं मिळून साधारण ८९ बाय ४६ मीटर जागा लागते. तेवढी नसेल तर त्रिज्या बदला, पाढा तोच.

आणि स्टॅगर. दोनशेच्या ट्रॅकवर एक पूर्ण फेरी पळवायची असेल तर बाहेरच्या लेनच्या मुलाला पुढे उभं करावं लागतं. किती पुढे? फक्कीच्या ट्रॅकवर प्रत्येक लेनला ७.६७ मीटर, म्हणजे १.२२ गुणिले २π. प्रमाणित ट्रॅकवर दुसऱ्या लेनला ७.०४ आणि पुढच्या प्रत्येकीला ७.६७ जास्त. पहिल्या लेनचे ३० आणि बाकीच्यांचे २० सेंटिमीटर, त्यातून हा फरक पडतो. हे नीट समजून घेतलं नाही तर काय होतं ते मी एका तालुका स्पर्धेत पाहिलं. चौथ्या लेनचा पोरगा सात-आठ मीटर जास्त पळाला, तिसरा आला, आणि त्याच्या वडिलांनी भर मैदानात मोजपट्टी मागितली. त्यांचं बरोबर होतं.

सातवी पायरी: पाठ घेणं

छात्रशिक्षक म्हणून तुम्ही टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, काढणार, निरीक्षक ते तपासणार, लाल शाई होणार. होऊ द्या. टाचणात 'उद्दिष्टे' सुंदर लिहिण्यापेक्षा एकच प्रश्न स्वतःला विचारा: दहाव्या मिनिटाला शेवटच्या रांगेतली मुलगी काय करत असेल? उत्तर 'वाट बघत असेल' असं आलं तर टाचण फाडा.

माझा दुसरा पाठ त्याच वर्गावर, त्याच घटकाचा होता. छत्तीस मुली होत्या. एका साखळीऐवजी नऊ-नऊ जणींच्या चार साखळ्या केल्या. मैदान चार तुकड्यांत आखायला आदल्या दिवशी संध्याकाळी तास गेला. मी दोनदाच करून दाखवलं, एकदा वेगाने, एकदा सावकाश. मग फिरत राहिले. सरांनी पुन्हा घड्याळ लावलं. या वेळी सतरा मिनिटं. मी एकदाही चमकले नाही, आणि सरांनी पहिल्यांदा चांगले गुण दिले.

काही बारीक गोष्टी, ज्या पुस्तकात एका ओळीत असतात आणि मैदानावर सगळा फरक पाडतात. ऊन तुमच्या तोंडावर घ्या, मुलांच्या पाठीवर द्या. वारा असेल तर मुलांच्या दिशेने वाहील असं उभं राहा, आवाज पोहोचतो. कवायतीच्या आज्ञेचे दोन भाग असतात. 'दाहिने' हा लांबवायचा, मग किंचित थांबायचं, मग 'मूड' तोडून. मधलं थांबणं खाल्लं की निम्मी मुलं डावीकडे वळतात आणि आपण त्यांच्यावर ओरडतो. शिट्टी कमी वाजवा. दर मिनिटाला वाजणाऱ्या शिट्टीकडे कुणी लक्ष देत नाही. आवाज घशातून काढलात तर दिवाळीपर्यंत बसेल, पोटातून काढायला शिका. आपल्याकडे लोणावळ्याला कैवल्यधाम १९२४ पासून आहे, प्राणायामाचे धडे घ्यायला लांब जायला नको.

आणि झाडाखालची मुलं. प्रत्येक शाळेत एक झाड असतं आणि त्याखाली चार-पाच जण बसलेले असतात. कुणी जाड आहे, कुणाला दमा आहे, कुणाचा पाय अधू आहे, कुणाला गेल्या वर्षी संघनिवडीत सगळ्यांसमोर शेवटी घेतलं होतं. कर्णधारांना आळीपाळीने खेळाडू निवडायला लावणं आजच सोडून द्या, चिठ्ठ्या टाका. गुणलेखक, वेळाधिकारी ही कामं या मुलांना द्यावीत, पण कायमची नकोत. ती हळूहळू मैदानात आली पाहिजेत, नाहीतर आपण झाडाची सावली फक्त टेबलापर्यंत आणली एवढंच. अधू पायाच्या मुलाबरोबर कोणता खेळ कसा बदलायचा, याचे तास महाविद्यालयात कमी पडतात. सराव पाठ विशेष शाळेत मागून घ्या. मी घेतला नव्हता, पुढे चार वर्षं चाचपडले.

आठवी पायरी: आंतरवासिता

शाळेत आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून करायच्या सरावाला, गेलात की तिथले पी.टी.चे सर आनंदाने आपले सगळे तास तुम्हाला देतील आणि दिसेनासे होतील. रागावू नका. ते बहुधा शालेय क्रीडा स्पर्धांच्या प्रवेशिका भरत असतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, फोटो, आधार, मग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. दहावी-बारावीच्या खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांचे प्रस्तावही त्यांनाच करायचे असतात. हे काम त्यांच्या शेजारी बसून शिकून घ्या. एका मुलाची जन्मतारीख चुकली तर तो वर्षभराच्या सरावासकट घरी बसतो.

गणिताचे सर "पोर्शन राहिलाय, तुमचा तास द्या ना" म्हणत येतील. एकदा द्या. बदल्यात त्यांचा एक तास लिहून घ्या, तारखेसह.

प्रथमोपचार पेटीशिवाय मैदानात पाय ठेवू नका. प्रार्थनेला मुलं चक्कर येऊन पडतात, त्याचं कारण बहुतेकदा उपाशी पोट आणि ताठ उभं राहणं. पायांचे स्नायू हलत नाहीत, रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी जातं. उभ्याउभ्या टाचा उचलायला, बोटं हलवायला शिकवा. पडलेल्याला आडवं ठेवून पाय उंच करा, भोवतीची गर्दी हटवा. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे नको, पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. उन्हात खेळणारा मुलगा असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर पाणी ओतून थंड करत लगेच दवाखान्यात. तिथे 'थोडं बसू दे' चालत नाही. दमा, फिट, हृदयाचा त्रास असलेल्या मुलांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांकडून घ्या आणि शिट्टीच्या दोरीबरोबर खिशात ठेवा.

नववी पायरी: नोकरी

इथे गोड बोलून फायदा नाही. अनुदानित शाळांत पद संचमान्यतेवर, म्हणजे पटसंख्येवरून सरकार मंजूर करतं त्या पदांवर, ठरतं आणि मुलांची संख्या घटली की खेळाच्या पदावर पहिली नजर जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच सहावी ते आठवीला, पट शंभराच्या वर असेल तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी 'अंशकालीन निदेशक' म्हटलंय. पूर्णवेळ शिक्षक म्हटलेलं नाही. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे बऱ्याच अर्जांत भेटेल.

शिक्षकभरती पवित्र पोर्टलवरून होते, त्यासाठी टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. दोनशे प्रश्न, दोनशे गुण, दोन तास. ती २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली, या तारखांमधली अंतरं बघा आणि त्याच हिशेबाने धीर धरा. निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला महिना १८,००० रुपये मानधन, मग वेतनश्रेणी. २०२३ पर्यंत हे ८,००० होतं, त्या काळात आम्ही काय खायचो ते विचारू नका.

फक्त त्याच भरतीची वाट बघत बसू नका. केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय यांच्या स्वतंत्र भरत्या असतात. सीबीएसई शाळांत अकरावी-बारावीला शारीरिक शिक्षण हा लेखी परीक्षेचा विषय आहे, तिथे शिकवता येणारी आणि इंग्रजीत बोलता येणारी व्यक्ती लवकर उचलली जाते. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर एम.पी.एड. ५५ टक्क्यांनी आणि नेट किंवा सेट. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत त्यासाठी धावण्याची चाचणीही आहे: तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर. खेळाडू आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून आधीच करून ठेवा, जाहिरात आल्यावर तिथे रांग लागते.

खाजगी शाळेच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "आमच्याकडे मैदान लहान आहे, काय कराल?" उत्तरात कागद-पेन मागा आणि त्यांच्या मैदानाचा नकाशा काढायला लागा. माझ्या दोन विद्यार्थिनींना एवढ्यावर नोकरी मिळाली आहे.

रुजू झालात की पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांकडून क्रीडा साहित्याचा चार्ज लेखी घ्या. डेडस्टॉकच्या (शाळेच्या सामानाच्या नोंदीच्या) वहीत बारा फुटबॉल असतील, खोलीत तीन सापडतील, त्यातला एक फाटलेला. तीनच लिहून सही करा, जुन्या सरांना कितीही वाईट वाटलं तरी. आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते विचारून ठेवा. बहुतेक शाळांत ती शिपाईमामांकडे असते, तुमचा पहिला तास साडेसातला असतो आणि मामा साडेदहाला येतात.